साचलेले घरकाम

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या सभेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने झाली आहेत. शिक्षण, शिष्यवृत्त्या, हुंडा, उद्योगधंदे, परदेशी गेलेली मुले हे सारे विषय महत्त्वाचेच आहेत. महिला शाखेने यंदा मला दिलेला विषय त्यांच्या मानाने अगदीच लहान, किंबहुना सभेत काढण्याजोगा नाही, असे कोणास वाटेल. घरातले काम साचले, आता ते हाताबाहेर गेले आणि कोठून आरंभ करावा हेच सुचेनासे झाले, तर काय करावे, असा तो विषय आहे. मी अनेक वर्षे गृहशास्त्र शिकविले. त्या अनुभवावरून सांगते, की ज्या प्रश्नाविषयी स्त्रिया चारचौघींत बोलत नाहीत, पण मनात रोज झुरतात, असा हा प्रश्न आहे. म्हणून तो येथे बोलावयास हवा.

प्रथम काम साचते कसे, ते पाहू. आळसाने काम साचते, ही समजूत बहुतांशी खोटी आहे. आळशी माणसाला साचलेल्या कामाचे दुःखच होत नाही. ज्या घरी काम साचून गृहिणी हवालदिल होते, त्या घरी मागील पंधरा दिवसांत काही ना काही घडलेले असते. सासऱ्यांना रुग्णालयात ठेवावे लागलेले असते, घरात तान्हे मूल आलेले असते, मुलीची दहावीची परीक्षा असते, नणंदेचे लग्न नुकतेच पार पडलेले असते, किंवा ती स्वतःच तापाने अंथरुणाला खिळलेली असते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. पण ती खरकट्या भांड्यांनाही तितकीच लागू आहे.

साचलेल्या कामाचा आणखी एक गुण असा, की ते सावकारी कर्जाप्रमाणे व्याजाने वाढते. आमटीचे पातेले हातासरशी विसळले तर एक मिनिट पुरते. तेच रात्रभर वाळले तर घासावयास पाच मिनिटे आणि वर मनगटाचे दुखणे. ओले कपडे बादलीत राहिले की त्यांना कुबट वास येतो आणि ते पुन्हा धुवावे लागतात. घडी न घातलेल्या कपड्यांच्या ढिगातून शाळेचा सदरा शोधताना इस्त्रीचे चार कपडे चुरगळतात. म्हणजे मूळ काम जितके असते त्याहून ते डोळ्यांस मोठे दिसते आणि काही अंशी ते खरोखरच मोठे झालेले असते. म्हणून अशा वेळी स्त्रीला येणारे दडपण हा मनाचा दुबळेपणा समजू नये.

जुन्या काळी काम कमी नव्हते. जात्यावर दळण, आडाचे पाणी, चुलीसाठी लाकडे, शेणाने सारवणे या सर्व कष्टांची आठवण येथे बसलेल्या काही आजींना असेल. परंतु वाड्यात सासू, जावा, नणंदा, एखादी आश्रयाला आलेली आत्या अशा चार-सहा बायका असत. एक बाळंतीण झाली की दुसरी तिचे काम उचली. त्या व्यवस्थेत जाच फार होता आणि ती परत यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र तिच्यातील एक गोष्ट आपण गमावली, ती म्हणजे बदली हात. आज डोंबिवलीच्या किंवा पिंपरीच्या दोन खोल्यांच्या घरात एकच स्त्री असते. ती सकाळी लोकल किंवा बस गाठते आणि रात्री परत येते. तिच्या कामाला बदली नाही. ती चार दिवस पडली की घर चार दिवस थांबते.

यावर कोणी म्हणेल, की आता यंत्रे आली आहेत. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन विदुषीने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याच प्रश्नाचा इतिहास तपासला. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की यंत्रांनी घरातील जे काम वाचविले त्यातील पुष्कळसे पुरुषांचे व मुलांचे होते. लाकूड फोडणे, ओझी वाहणे ही कामे गेली, आणि उरलेले काम एकट्या आईकडे आले. शिवाय स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या. आपल्याकडेही हेच दिसते. पूर्वी दळणाचा डबा गिरणीत नेणे हे मुलाचे काम असे. आता पीठ पिशवीतून येते, मुलगा मोकळा झाला. पण धुलाईयंत्र आल्यामुळे रोज दोनदा बदललेल्या कपड्यांच्या घड्या मात्र आईच्याच हाती उरल्या.

आपल्या देशाचे आकडेही बोलके आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोक आपला दिवस कसा घालवितात याची पाहणी केली. दिवसभरात घरचे विनावेतन काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत १०० पैकी सुमारे ८१, तर पुरुषांत सुमारे २६ भरले. जे हे काम करतात त्यांच्यापुरते पाहिले, तर स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जात आणि पुरुषाची ९७ मिनिटे. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा स्त्रीची २८९ आणि पुरुषाची ८८ मिनिटे आढळली. पाच वर्षांत स्त्रीचे काम दहा मिनिटांनी हलके झाले. पुरुषानेही आपले नऊ मिनिटांनी हलके करून घेतले. बंधूंनो, आपण हसलात. पण या आकड्यांकडे मी पुन्हा येणार आहे.

आता उपाय पाहू. काम डोंगराएवढे दिसते तेव्हा पहिला नियम हा, की संपूर्ण घराकडे एकदम पाहू नये. कागद घेऊन साऱ्या कामांची यादी करण्याचाही सल्ला मी देणार नाही. ती यादी पाहूनच अंगातले त्राण जाते. त्याऐवजी मनाशी कामाचे चार वाटे करावेत. पहिला, जे सडते किंवा अपाय करते. दुसरा, जे उद्या सकाळी लागणार आहे. तिसरा, जे डोळ्यांना खुपते. आणि चौथा, जे थांबू शकते. याच क्रमाने हात लावावा. आणि दुसरा वाटा पुरा होईपर्यंत तिसऱ्याचे नाव काढू नये.

पहिल्या वाट्यात ओला कचरा, खरकटे आणि साठलेले पाणी येते. कचऱ्याची बादली प्रथम घराबाहेर काढावी. एवढ्यानेच घराचा वास पालटतो आणि मनाला धीर येतो. शिजवलेले अन्न बाहेर फार वेळ राहिले असेल तर मोह सोडून टाकून द्यावे. ताजे अन्न दोन तासांच्या आत शीतकपाटात गेले पाहिजे, हा नियम आपल्या उष्ण हवेत विशेष पाळावा. मग पाण्याचे पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या, शीतकपाटामागचे भांडे पाहावे. डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी रिकामी करून आतून घासून कोरडी केलीच पाहिजेत. घासणे आवश्यक, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. माळा झाडावयाचा राहिला तर कोणी आजारी पडत नाही. पिंप राहिले तर पडते. काम निवडावयाचे ते असे.

भांड्यांचा ढीग असेल तर एकदम घासावयास बसू नये. खरकटे काढून सर्व भांडी प्रथम भिजत घालावीत आणि तेवढ्या वेळात ओटा पुसावा. तळाला करपलेल्या पातेल्यात पाणी व चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळी आणली की चिकटलेले सुटते. त्यासाठी हातांची आग करून घेण्याचे कारण नाही. आधी पेले व वाट्या, मग ताटे, शेवटी तेलकट कढया असा क्रम ठेवावा, म्हणजे घासणी लवकर तेलकट होत नाही.

दुसऱ्या वाट्यात उद्याचे कपडे, उद्याचा डबा आणि उद्याची औषधे येतात. कपड्यांचा ढीग कितीही मोठा असला तरी त्यातून आतले कपडे, शाळेचे व कचेरीचे कपडे तेवढे वेगळे काढावेत. चादरी, अभ्रे, पडदे यांची पाळी नंतर. पावसाळ्यात तर मी असे सांगेन, की घरातील दोरीवर जितके वाळतील तितकेच कपडे भिजवावेत. एका दिवसात सारा ढीग धुऊन टाकण्याच्या हौसेने घरभर ओले कपडे लोंबतात, ते तिसऱ्या दिवशीही वाळत नाहीत आणि सगळेच पुन्हा धुवावे लागतात. विजेच्या देयकासारखे मुदतीचे कागदही याच वाट्यात धरावेत. ते एका पिशवीत एकत्र घातले म्हणजे शोधाशोध वाचते.

तिसऱ्या वाट्यात पसारा येतो. येथे एक टोपली घ्यावी आणि बैठकीच्या खोलीत जे जे जागेवर नाही ते सर्व तीत टाकावे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिच्या कपाटापर्यंत फेऱ्या घालू नयेत. त्या फेऱ्यांनीच पाय भरून येतात. जमीन मोकळी झाली की वरून खाली या क्रमाने आधी झटकावे, मग केर काढावा, शेवटी फरशी पुसावी. आधी फरशी पुसून मागून जळमटे काढणे म्हणजे दोन वेळचे काम. टोपलीतील वस्तू ज्याच्या त्याने रात्री जेवणापूर्वी आपापल्या जागी नेऊन ठेवाव्यात.

येथे एका धोक्याची सूचना देऊन ठेवते. घाईघाईने न्हाणीघर व शौचकूप एकदम स्वच्छ करण्याच्या भरात ब्लीचिंगचे द्रावण आणि आम्ल असलेले साफ करण्याचे द्रावण एकत्र ओतू नये. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

चौथ्या वाट्यातील कामे म्हणजे कपाटे, माळा, पितळेची भांडी, पंख्यांची पाती आणि धान्याचे डबे. यांना आपल्या पूर्वजांनी सण नेमून दिले होते. गणपतीपूर्वी, नवरात्रापूर्वी, दिवाळीपूर्वी घरे निघत, त्याचा अर्थच हा, की ही कामे वर्षभर थांबू शकतात. आजारातून उठलेल्या बाईने पहिल्याच आठवड्यात माळ्यावर चढू नये. धान्याचा डबा मात्र एकदा उघडून पाहावा. तांदळात सोंडे झाले असतील तर तो डबा तेवढा पहिल्या वाट्यात घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे, की कामाला शेवट ठरवून मगच आरंभ करावा. अर्धा तास किंवा एक तास घड्याळ लावून काम करावे, आणि वेळ संपली की काम अपुरे असले तरी थांबून चहा घ्यावा. पंधरा दिवसांत साचलेले एका रविवारात उपसण्याचा हट्ट धरल्यास सोमवारी कंबर धरते आणि मंगळवारपासून काम पुन्हा साचू लागते. त्यापेक्षा साचलेल्यातील रोज थोडे काढावे आणि त्याबरोबर त्या दिवसाचे काम त्याच दिवशी उरकावे. हा दुसरा भाग सोडला, तर साचलेले कधीच संपत नाही.

आता, बंधूंनो, मघाच्या आकड्यांकडे येते. या सभेतील पुष्कळ पुरुष म्हणतील, की आम्ही घरात मदत करतो. मदत हा शब्दच मला खटकतो. मदत दुसऱ्याच्या कामात होते. आपण ज्या ताटात जेवलो ते ताट दुसऱ्याचे काम कसे? काय करावयाचे ते तिने आठवावे, तिने सांगावे, सामान तिने काढून द्यावे आणि झाल्यावर तिनेच पाहावे, अशा मदतीत तिच्या हातांचा भार थोडा उतरतो, डोक्याचा उतरत नाही. म्हणून एखादे काम संपूर्ण आपल्याकडे घ्यावे. कपडे घेतले तर भिजविण्यापासून कपाटात ठेवण्यापर्यंत, साबण संपला हे लक्षात ठेवण्यासह. भगिनींनाही माझी एक विनंती आहे. त्यांनी घातलेली घडी आपल्यासारखी नसली तरी ती पुन्हा उलगडून घालू नये. एकदा दिलेले काम खरोखर दिलेले असावे.

यात पुरुषाला कमीपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांना आपल्याच मातीतील दोन गोष्टींची आठवण देते. जनाबाईच्या जात्याला प्रत्यक्ष विठ्ठलाने हात लावला, ही परंपरा आपण शेकडो वर्षे भक्तिभावाने सांगत आलो. देवाला दळण लाजिरवाणे वाटले नाही. आणि १९५६ साली ज्यांनी देह ठेवला ते गाडगेबाबा गावात पाऊल टाकताच हाती खराटा घेत, दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो त्यांच्या हातातील खराट्याला आपल्या घरात मात्र फक्त बायकोनेच हात लावावा, हे सुसंगत नाही. मुलग्यांना हे लहानपणीच शिकवावे. सात-आठ वर्षांच्या मुलाला आपले ताट विसळता येते, दहा-बारा वर्षांच्या मुलाला भात लावता येतो. मुलीला जे येते ते मुलाला येत नाही, कारण आपण ते त्याला सांगितलेले नसते.

ज्यांच्या घरी धुण्याभांड्याला बाई येतात त्यांनाही दोन शब्द. त्या आठ दिवस रजेवर होत्या म्हणून आठ दिवसांची भांडी त्यांच्यासाठी रचून ठेवणे न्यायाचे नाही. त्यांना रजा हवी, आजारपण हवे, आणि जास्त कामाचे जास्त पैसे हवेत. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी २००८ साली कायदा झाला आणि त्यानुसार कल्याण मंडळाची तरतूद झाली; आपल्या घरी येणाऱ्या बाईंची त्यात नोंदणी झाली आहे काय, याची चौकशी आपण केली पाहिजे. त्यांच्याही घरी काम साचते, आणि ते उपसावयास त्यांना कोणी येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय मनावर घेतला ती सांगते. कित्येक घरी साचलेले काम हे कारण नसते, लक्षण असते. बाई सकाळी उठावयास धजत नाही, भांड्यांकडे पाहून तिला रडू येते, कोणी दार वाजविले तर पसारा दिसेल म्हणून ती दार उघडत नाही, आणि हळूहळू हळदीकुंकवालाही येईनाशी होते. आपण म्हणतो, तिला शिष्टपणा आला. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांमागे ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त कमी असलेल्या बाईला दोन खोल्या झाडताना धाप लागते, यात तिचा काय दोष? थायरॉइडचा विकार, बाळंतपणानंतरची किंवा एरवीची उदासीनता यांतही असेच होते. ही दुखणी आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले, तर तिला कामाचे उपदेश न करता डॉक्टरांकडे न्यावे. मनाच्या त्रासासाठी सरकारने २०२२ मध्ये टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो आपापल्या घरी लिहून ठेवावा.

अध्यक्षमहोदय, गाव करी ते राव न करी. आपले मंडळ शिष्यवृत्त्या देते, वधूवर मेळावे भरविते. त्याच्या जोडीला दोन गोष्टी करता येतील. पहिली अशी, की प्रत्येक विभागात पाच-सहा कुटुंबांचे एक लहान मंडळ असावे. त्यांपैकी कोणाच्या घरी बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा मृत्यू झाला, तर इतरांनी पहिला आठवडाभर पाळीपाळीने डबा पोहोचवावा, आणि एका रविवारी दोन बायका व दोन तरुण मुलांनी दोन तास जाऊन घर आवरून द्यावे. तेथे जाऊन पाहुणचार घेऊ नये आणि जे पाहिले ते बाहेर बोलू नये, या दोन अटी मात्र कडक असाव्यात. वाड्यातील बदली हात आपण गमावले, ते मंडळाने परत आणावेत, आणि जाच मागेच राहू द्यावा.

दुसरी गोष्ट वधूवर सूचीची. त्या सूचीत मुलींच्या माहितीत ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द आपण अजून छापतो. तो काढावा असे मी म्हणत नाही; तो मुलांच्या रकान्यातही यावा. अर्जात मुलाला एक प्रश्न विचारावा, की आपण घरातील कोणते काम नित्य करता? उत्तर रिकामे राहिले तर तेही मुलीच्या आईवडिलांनी वाचावे. लग्नाच्या याद्या करताना आपण सोन्याचा तोळा न तोळा मोजतो, पण मुलीच्या पुढील चाळीस वर्षांतील रोजचे पाच तास मोजत नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या आपल्या मुली आज लग्नाला का कचरतात, याचे उत्तर शोधणाऱ्यांनी या रकान्यापासून आरंभ करावा.

घर स्वच्छ असावे ते त्यात राहणाऱ्यांना सुख व्हावे म्हणून. त्या स्वच्छतेपायी घरातील एक माणूस झिजून जात असेल, तर ते घर लखलखीत असूनही नीट चाललेले नाही. तेव्हा ज्या भगिनींच्या घरी आज काम साचले आहे, त्यांनी येथून गेल्यावर फक्त कचऱ्याची बादली बाहेर काढावी आणि भांडी भिजत घालावीत. पुढचे काम घरातील इतरांनी वाटून घ्यावे. माझ्या दोन्ही सूचनांचा विचार कार्यकारिणीच्या पुढील सभेत व्हावा अशी नम्र विनंती करते.